भात बंद केला आणि पाय बंद पडले

पत्र:

ताई नमस्कार. वय ३८, वजन ६० किलो. गेली २ वर्षं पळतेय, ४ हाफ मॅरेथॉन झाल्यात आणि ९ आठवड्यांनी पहिली फुल आहे. आमच्या रनिंग ग्रुपमधल्या एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून ३ महिन्यांपूर्वी कार्ब्स जवळजवळ बंद केले, म्हणजे भात नाही, ब्रेड नाही, बटाटा नाही, फळंसुद्धा मोजून. पहिल्याच आठवड्यात २ किलो कमी झाले म्हणून जाम खूश होते. पण आता दर रविवारी लाँग रनला १८ किलोमीटरच्या आसपास पाय लाकडासारखे होतात, डोकं चालत नाही, मागच्या रविवारी तर रस्त्याच्या कडेला बसून चक्क रडले, कशासाठी ते विचाराल तर सांगता येणार नाही. आधी मी २४-२५ आरामात करायचे. मैत्रीण म्हणते अजून थोडं सोस, बॉडी एकदा फॅटवर स्विच झाली की पळताना काही खायची गरजच पडणार नाही. नवरा म्हणतो तुझी विलपॉवर कमी पडतेय. पूर्वी एकदा एनर्जी जेल (पळताना खायचा साखरेचा घट्ट पाक) घेऊन बघितलं होतं, पोटात अशी कळ आली की परत हात लावला नाही. आणि आता माझं बघून १५ वर्षांचा मुलगा (फुटबॉल खेळतो) म्हणतोय मलाही कार्ब्स सोडायचेत. काय करू? आणि हो, याचा संबंध आहे की नाही माहीत नाही, पण २ महिने पाळी आलेली नाही, टेस्ट केली, निगेटिव्ह आहे.
— दमलेली

उत्तर:

दमलेली, मी तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरू करणार आहे, कारण लोकांच्या पत्रात जे "आणि हो" म्हणून सगळ्यात शेवटी येतं ना, तिथेच बहुतेक वेळा खरी गोम असते.

या आठवड्यात डॉक्टरकडे जा. पुढच्या महिन्यात नाही, रेस झाल्यावर तर अजिबात नाही. ३८व्या वर्षी पाळी चुकायची कारणं खूप असतात, थायरॉईड असेल, दुसरं काही असेल, त्यामुळे मी इथे बसून निदान करणार नाही. पण पळणाऱ्या बाईची पाळी अशी थांबते तेव्हा एक शंका पहिल्यांदा घ्यावीच लागते की व्यायामात जेवढं खर्च होतंय ते वजा केल्यावर बाकीच्या शरीरासाठी पुरेसं उरतच नाहीये. मग शरीर काटकसर सुरू करतं आणि काटकसरीत पहिल्यांदा काय जातं तर जे आत्ता जगायला अडत नाही ते, म्हणजे पाळी, हाडांची डागडुजी, प्रतिकारशक्ती. इंटरनॅशनल ऑलिम्पिक कमिटीने २०१४ मध्ये या प्रकाराला रेड-एस असं नावही दिलंय, सोप्या भाषेत खेळाच्या मानाने खाणं कमी पडणं. आता कार्ब्स सोडणाऱ्या बऱ्याच जणांचं काय होतं, ते फक्त कार्ब्स सोडत नाहीत, एकूण खाणंच नकळत कमी होतं, कारण ताटातला अर्धा भाग उचलला तर त्या जागी तेवढ्याच कॅलरीचं दुसरं काही कोण रोज मोजून ठेवतंय? तर डॉक्टरला नुसतं "पाळी आली नाही" असं नका सांगू, किती पळता आणि ३ महिने काय खाताय हेही सांगा, नाहीतर हे कनेक्शन त्यांच्याही लक्षात येणार नाही. आणि पायाच्या हाडात एकाच ठिकाणी दुखत असेल, बोटाने दाबल्यावर दुखत असेल तर पळणं आजच थांबवा.

बरं, आता १८वा किलोमीटर.

नवऱ्याला सांगा की विलपॉवरचा यात काही संबंध नाही. रस्त्याच्या कडेला बसून रडला ना, मी पण बसलेय. बरीच वर्षं झाली, पहिली फुल होती, सकाळी टेन्शनमुळे काही खाल्लं नाही, वाटेत "बघू नंतर" म्हणत खाण्यापिण्याचं प्रत्येक टेबल सोडून दिलं, आणि ३३व्या किलोमीटरला मी फूटपाथवर बसून एका अनोळखी पोराच्या हातातल्या चॉकलेटकडे टक लावून बघत होते. पोरगं ४-५ वर्षांचं असेल. त्याने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग अर्धं तोडून माझ्या हातात दिलं, आणि मी, चांगली शिकलेली बाई, लोकांना आहार सांगणारी, ते घेतलं आणि रॅपरला चिकटलेलं पण चाटलं. दहा-पंधरा मिनिटांनी उठून चालायला लागले. त्या पंधरा मिनिटांत माझी विलपॉवर काही वाढली नव्हती, रक्तातली साखर वाढली होती, एवढंच.

होतं काय ते सांगते. आपण जे कार्ब्स खातो ते ग्लुकोज होऊन रक्तात येतात आणि त्यातला बराचसा भाग ग्लायकोजेन म्हणून साठतो, एक कोठार स्नायूंमध्ये आणि एक लिव्हरमध्ये. नीट खाणाऱ्या माणसाच्या सगळ्या स्नायूंत मिळून साधारण ३०० ते ५०० ग्रॅम, लिव्हरमध्ये ८० ते १०० ग्रॅम. आणि रक्तात? अख्ख्या रक्तात मिळून एका वेळी ४-५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर. त्या चमचाभर साखरेवर तुमचा मेंदू चालतो आणि तो चमचा सारखा भरत राहायचं काम लिव्हर करतं. लिव्हर रात्रभर हेच करत असतं, त्यामुळे सकाळी उठता तेव्हा तिथला साठा आधीच बराच उतरलेला असतो, मांडीतला मात्र जसाच्या तसा असतो कारण झोपेत मांड्या कुठे पळतात.

आणि एक गंमत आहे जी मला अजूनही भारी वाटते. स्नायूकडे स्वतःचं ग्लुकोज परत रक्तात सोडायचं एन्झाईमच नाहीये. म्हणजे एकदा मांडीत गेलेला साठा मांडीतच खर्च होणार, दंडात भरपूर असला तरी तो पायाला उसना मिळत नाही आणि पायातला मेंदूला मिळत नाही. त्यामुळे दमणं दोन प्रकारचं असतं. पाय लाकूड झाले, डोकं मात्र शाबूत, तर मांडीचं कोठार संपलंय. चक्कर, चिडचिड, घाम सुटून गारगार, कारण नसताना रडू, तर लिव्हर हात वर करतंय. तुमच्या पत्रात दोन्ही आहे. हे काही नवीन नाही बरं का, १९२४ मध्ये बॉस्टन मॅरेथॉन पळून आलेल्यांचं रक्त तपासलं होतं, जे अगदी गळून आले होते त्यांची साखर खाली गेलेली निघाली, आणि पुढच्या वर्षी धावपटूंना आधीपासून जास्त कार्ब्स आणि वाटेत कँडी दिली तर हा प्रकार बराच टळला. शंभर वर्षं झाली याला.

तुमचे पहिल्या आठवड्यातले २ किलो पण इथेच सापडतात. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर अंदाजे ३ ग्रॅम पाणी साठतं. ४०० ग्रॅम ग्लायकोजेन रिकामं केलंत तर त्याच्यासोबत सव्वा लिटर पाणी गेलं, झाले की दीड-पावणेदोन किलो. चरबी त्यात जेमतेम. हे आत्ताच सांगून ठेवते कारण कार्ब्स परत सुरू केले की काटा ८-१० दिवसांत दीड-दोन किलो वर जाणार आणि तुम्ही घाबरून परत बंद करणार. ते वजन म्हणजे भरलेली टाकी आहे. काटा महिनाभर माळ्यावर टाका.

आता मैत्रिणीचं म्हणणं, "बॉडी फॅटवर स्विच होईल". यात थोडं खरं आहे म्हणून तर ते एवढं पसरतं. तुमच्या अंगावर १५ किलो चरबी धरली तरी तिच्यात लाखाच्या वर कॅलरी आहेत, आणि अख्खी मॅरेथॉन ६० किलोच्या माणसाला साधारण अडीच हजार कॅलरीला पडते, म्हणजे हिशोबाने तुम्ही न खाता चाळीस मॅरेथॉन पळायला पाहिजेत. मग १८लाच का अडतं? कारण टाकी हत्तीएवढी आहे पण नळ बारीक आहे. चरबी साठ्यातून सुटणार, रक्तातून स्नायूपर्यंत येणार, पेशीत शिरणार आणि मग जळणार, हे सगळं सावकाशीचं काम. तुमच्यासारख्या हौशी धावपटूच्या बाबतीत नळ पूर्ण सोडला तरी मिनिटाला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास चरबी, म्हणजे साडेचार कॅलरी. आणि तुम्ही ताशी ९ किलोमीटरने पळता असं धरलं तर मिनिटाला लागतात ९. उरलेल्या साडेचार कुठून आणणार? कार्ब्सकडूनच, मिनिटाला साधारण १ ग्रॅम, तासाला ६०-७०. स्पीड वाढवा, चढ आला, कोणाला तरी गाठायची खुमखुमी आली, की हा आकडा झपकन वर जातो, कारण चरबीला जळायला भरपूर ऑक्सिजन लागतो आणि धाप लागलेली असताना तोच तर कमी पडत असतो. कार्ब्स मात्र ऑक्सिजनची वाट न बघता पण थोडा वेळ ऊर्जा देऊ शकतात, ते काम चरबीला जन्मात जमत नाही.

महिनोन्‌महिने कार्ब्स न खाता ट्रेनिंग केलं की नळ मोठा होतो, हे खरंय, काही जणांमध्ये दुप्पट-तिप्पट होतो. मग प्रॉब्लेम काय? ऑक्सिजन. एक लिटर ऑक्सिजन कार्ब्स जाळायला वापरला तर जवळपास ५ कॅलरी मिळतात, चरबी जाळायला वापरला तर ४.७. फरक चिल्लर वाटतो, पण रेसमध्ये तुमची फुफ्फुसं आणि हृदय आधीच हात टेकलेले असतात, तिथे ही चिल्लरच नडते. २०१७ मध्ये जगातल्या टॉपच्या रेसवॉकर्सवर, म्हणजे भरभर चालायच्या शर्यतीतल्या खेळाडूंवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ३ आठवडे कडक ट्रेनिंग, काहींना भरपूर कार्ब्स आणि काहींना अगदी नावाला. कार्ब्स सोडलेल्यांची चरबी जाळायची क्षमता प्रचंड वाढली, फिटनेस पण वाढला, पण त्याच स्पीडने चालायला त्यांना जास्त ऑक्सिजन लागायला लागला आणि १० किलोमीटरच्या रेसमध्ये त्यांचा टाइम काही सुधारला नाही. कार्ब्स खाणारे मात्र सुधारले. म्हणजे बॉडी स्विच झाली, पण रेसला त्याचा उपयोग झाला नाही. तुमच्या मैत्रिणीला हळू हळू लांब चालायचं असेल, किंवा वजन-शुगरसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हे करत असेल आणि तिला मानवत असेल तर खुशाल करू दे, माझं काही म्हणणं नाही. पण ३ महिने झाले तरी तुमचे २५चे १८ झालेत, अजून किती सोसायचं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आडात किती आहे हे पहिल्यांदा ज्यांनी प्रत्यक्ष मोजलं त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९६६, स्वीडन. बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन नावाचे दोन डॉक्टर. त्यांच्याकडे स्नायूतून सुईने कणभर तुकडा काढायचं तंत्र होतं, आणि गिऱ्हाईक म्हणून त्यांनी स्वतःलाच धरलं. एकाच व्यायामाच्या सायकलला दोघं दोन बाजूंनी बसले, एकाने डाव्या पायाने पेडल मारायचं, दुसऱ्याने उजव्या, प्रत्येकाचा दुसरा पाय नुसता आराम करतोय. पार थकेपर्यंत मारलं, मग सुई टोचून बघितलं तर काम केलेल्या पायाचं कोठार जवळपास खडखडीत, आराम केलेल्याचं भरलेलं. मग ३ दिवस भरपूर कार्ब्स खाल्ले आणि रोज सुया टोचल्या. आराम केलेला पाय जवळपास होता तिथेच राहिला. काम केलेल्या पायात मात्र साठा नुसता भरून नाही आला, दुसऱ्या पायाच्या जवळजवळ दुप्पट झाला! एकच माणूस, एकच जेवण, एकच रक्त, आणि दोन पायांत एवढा फरक. म्हणजे जो स्नायू राबतो तोच साठवतो. सोफ्यावर बसून खाल्लेला भात आणि २० किलोमीटर पळून आल्यावर खाल्लेला भात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि "कार्ब्स वाईट" म्हणणारे नेमके हेच विसरतात.

पुढच्याच वर्षी त्यांच्या टीमने एकाच माणसांना तीन वेगवेगळे आहार देऊन दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. कमी कार्ब्सवर सरासरी तासभर टिकले, मिश्र आहारावर २ तासांच्या थोडं आत, भरपूर कार्ब्सवर पावणेतीन तासांच्या पुढे. माणसं तीच आणि त्यांची जिद्दही तीच. सगळ्या गोष्टींचं सोंग आणता येतं, ग्लायकोजेनचं नाही.

तर आता करायचं काय.

पहिलं म्हणजे रोज एकसारखं खाणं सोडा. लो-कार्बवाले रोज कमी खातात, कार्बवाले रोज जास्त खातात, दोघंही कॅलेंडर बघत नाहीत. खाणं हे त्या दिवशीच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या कामावर ठरवायचं. सुट्टीच्या किंवा अगदी हलक्या दिवशी आपल्या वजनाच्या किलोमागे ३ ते ५ ग्रॅम कार्ब्स, तुमच्यासाठी १८० पासून पुढे. तासाभराचं नीट ट्रेनिंग असेल तेव्हा ५ ते ७, म्हणजे ३०० च्या वर. लाँग रनच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी ६-७ कडे झुका, गरज वाटली तर अजून. आकड्यांनी घाबरू नका, अंदाज देते: शिजलेला भात १०० ग्रॅम म्हणजे २८ ग्रॅम कार्ब्स, मध्यम केळं २५च्या आसपास, उकडलेला बटाटा १०० ग्रॅमला २० पेक्षा थोडे कमी. आठवडाभर वजन करून बघा, नंतर डोळ्यांनाच कळतं. आणि ३ महिन्यांची सवय आहे तर एका दिवसात ४०० वर उडी मारू नका, पोट फुगून बसेल, आठवडाभरात चढत जा. (डायबिटीस असेल, इन्सुलिन चालू असेल अशा वाचकांनी हे आकडे उचलू नयेत, आपल्या डॉक्टरांशी बोलूनच.)

रिकाम्या पोटी पळायचं की नाही हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण पुढच्या पत्रात येणार म्हणून. ४०-४५ मिनिटं आरामात, गप्पा मारता येतील अशा स्पीडने, चालेल. इंटरव्हल्स (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून पळणं) किंवा लाँग रन, नाही. लाँग रनच्या आधी नियम असा सांगतात की १ ते ४ तास आधी किलोमागे १ ते ४ ग्रॅम, तास जितके जास्त तितकं जास्त खा. पहाटे ३ला उठून कोणी जेवत नाही, मला माहितीये, मीही नाही जेवत. तासभर आधी उठत असाल तर ६० ग्रॅम, म्हणजे २ केळी आणि जाम लावलेला एखादा ब्रेड. तेल-तूप, चीज, जास्त फायबर त्या वेळी नको, पोटात रेंगाळतं. काही जणांना गोड खाऊन अर्ध्या-पाऊण तासाने पळायला लागलं की सुरुवातीला थोडं गरगरतं, इन्सुलिनमुळे साखर जराशी खाली जाते, बहुतेकांचं वॉर्मअपमध्येच जागेवर येतं. तुम्हाला होत असेल तर सरळ निघायच्या ५-१० मिनिटं आधी खा.

आता तुमचं जेल. पत्रात लिहिलं नाहीत पण मी पैज लावते की ते १५-१६ किलोमीटरला, पाय जड झाल्यावर, पहिल्यांदाच, एका दमात आणि वर पाण्याचा घोटही न घेता खाल्लं असणार. बरोबर ना? बघा, जेल म्हणजे दोन चमच्यांत २०-२५ ग्रॅम साखर, घट्ट पाक. ते आतड्यात पोचलं की स्वतःला पातळ करायला आजूबाजूचं पाणी ओढून घेतं, आणि पळताना पोटाचं रक्त आधीच पायांकडे वळवलेलं असतं, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. कळ येणारच. जेलबरोबर साधं पाणी, चार मोठे घोट तरी. जेलबरोबर स्पोर्ट्स ड्रिंक नाही, तो पाकावर पाक झाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दमल्यावर नाही घ्यायचं, दमायच्या आधी घ्यायचं. पहिला डोस ३० मिनिटांनी, जेव्हा अजिबात गरज वाटत नसते तेव्हा, आणि मग दर २०-३० मिनिटांनी थोडं थोडं. कारण तोंडात टाकल्यापासून स्नायूपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि एकदा टाकी तळाला गेली की पळता पळता ती भरून येत नाही, फक्त कशीबशी गाडी ढकलता येते, माझ्या अर्ध्या चॉकलेटसारखी. १९८६ चा एक अभ्यास आहे, सायकलिस्टना वाटेत कार्ब्स दिले तर ते ३ तासांऐवजी ४ तास टिकले, आणि मजा म्हणजे मांडीतलं ग्लायकोजेन दोन्ही वेळेला सारख्याच वेगाने संपत होतं. शेवटचा जादा तास मुख्यतः रक्तातल्या, म्हणजे वाटेत खाल्लेल्या साखरेवर निघाला.

किती घ्यायचं, तर १ ते अडीच तासांच्या व्यायामाला तासाला ३० ते ६० ग्रॅम. त्यापेक्षा लांब असेल तर ९० पर्यंत जाता येतं पण एक अट आहे. आतड्यात ग्लुकोज आत घेणारं दार तासाला ६० ग्रॅमच्या आसपास जाम होतं, तिथे अजून ढकललंत तर ते आत जात नाही, पोटातच गुडगुड करत बसतं. फ्रुक्टोजचं दार वेगळं आहे. म्हणून ६० च्या वर जायचं तर दोन्ही असलेलं मिश्रण लागतं, पाकिटाच्या मागे वाचा, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा ग्लुकोज आणि सोबत फ्रुक्टोज असं लिहिलेलं असतं. तुम्हाला ९० ची गरज नाही. ४५ ते ६० वर आलात तरी पहिल्या फुलला भरपूर झालं. पण आजच नाही! आतड्याची पण प्रॅक्टिस लागते, पायांची लागते तशीच. या रविवारी तासाला ३०, दोन आठवड्यांनी ४५, मग ६०, आणि जे रेसमध्ये घेणार तेच, त्याच कंपनीचं, त्याच चवीचं. जेल नकोच वाटत असेल तर ६ टक्क्यांचं ड्रिंक अर्धा लिटर म्हणजे ३० ग्रॅम, किंवा केळं, किंवा खजूर, किंवा चघळायच्या गोळ्या, शरीराला ब्रँड कळत नाही. दातांना साखर कळते, म्हणून मधे मधे साध्या पाण्याने चूळ भरा.

चूळ भरण्यावरून आठवलं. २००४ मध्ये सायकलिस्टना साधारण तासाभराच्या टाइम ट्रायलमध्ये (ठरलेलं काम कमीत कमी वेळात संपवायचं) कार्ब्सच्या पाण्याने नुसती चूळ भरून थुंकायला लावलं, गिळायचं नाही, तरी ते जवळपास ३ टक्के फास्ट गेले. पोटात काही गेलंच नाही! त्या पाण्याला गोडवाही फारसा नव्हता, तोंडालाच कळतं की खायला येतंय आणि मेंदू जरा हात सैल सोडतो. तुमच्या पाच तासांच्या प्रकाराला याचा विशेष उपयोग नाही, पण १० किलोमीटरच्या रेसला पोट बिघडलेलं असेल तर करून बघा.

रेसच्या आधीचं कार्बो-लोडिंग थोडक्यात. आदल्या रात्री ताटभर नूडल्स कोंबणं म्हणजे लोडिंग नव्हे, त्याने फक्त झोप उडते. शेवटचे दीड-दोन दिवस पळणं कमी आणि कार्ब्स वाढवायचे. पुस्तकी आकडा किलोमागे १० ते १२ ग्रॅम आहे, तुमच्यासाठी दिवसाला ६००च्या वर, प्रत्यक्षात एवढं खाववत नाही, ८ पर्यंत पोचलात तरी मी समाधानी आहे, ज्यूस आणि इतर पातळ पदार्थांनी सोपं जातं. फायबर आणि तेल कमी करा म्हणजे जागा होते. पूर्वी आधी ३ दिवस कार्ब्स बंद करून टाकी रिकामी करायचे आणि मग भरायचे, त्याची गरज नाही हे १९८१ मध्येच दिसलंय, तरी कोणीतरी ग्रुपवर सांगेलच, ऐकू नका.

रन झाल्यावरचं फार मनावर घेऊ नका. त्याच दिवशी परत ट्रेनिंग असेल तरच घाई, तेव्हा पहिले ४ तास किलोमागे तासाला १ ग्रॅम. पुढचं ट्रेनिंग दुसऱ्या दिवशी असेल तर घरचं नेहमीचं जेवण वेळेवर आणि पोटभर, सोबत प्रोटीन, २४ तासांत टाकी भरते.

मुलाचं मात्र मनावर घ्या. १५ वर्षांचं वाढतं वय, त्यात फुटबॉल. फुटबॉल म्हणजे पळ, थांब, वळ, परत पळ, आणि अशा स्प्रिंट्सना कार्ब्स भरपूर लागतात. सत्तरच्या दशकातच खेळाडूंच्या मांडीतून तुकडे काढून बघितलं होतं, ज्यांचा साठा सामन्याआधीच कमी होता ते एकूण कमी पळाले आणि दुसऱ्या हाफमध्ये बराच वेळ नुसते चालत होते. त्याला लेक्चर देऊ नका, या वयात उपयोग होत नाही. तो तुमचं बघून सोडायला निघालाय ना, मग त्याच्यासमोर बसून तुम्ही भात खा. आणि तो आरशासमोर जास्त उभा राहायला लागलाय का, जेवण टाळायला कारणं सांगतोय का, एवढं बारीक लक्ष असू द्या, कारण या वयात "कार्ब्स बंद" हे कधी कधी दुसऱ्याच कशाचं तरी नाव असतं.

राहिला नवरा. डॉक्टरांनी पळायला हरकत नाही म्हटलं की त्या रविवारी त्यांना सायकलवर तुमच्या मागे यायला सांगा, पिशवीत ४ केळी, पाणी, जेल, आणि घड्याळ बघून दर २५ मिनिटांनी तुमच्या हातात द्यायचं. ते स्वतः सकाळी काही न खाता येणार असतील तर उत्तमच, तीन तास सायकल हाणल्यावर विलपॉवर त्यांची पण बघू.